मोटरसायकलला किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, हे कसं ठरवायचं

टाकीचं झाकण उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला बघा. तिथे काही नसेल तर टाकीच्या तोंडाशी चिकटवलेला छोटा स्टिकर शोधा. तोही नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातलं तांत्रिक माहितीचं पान काढा. यांपैकी एका ठिकाणी इंधनापुढे एक आकडा असतो: ८७, ९१, ९५, क्वचित ९८. ज्यांनी ते इंजिन बांधलं आणि तापवून, दमवून तपासलं, त्यांनी तो दिलेला आहे. माझं काम इंजिनं उघडून दुरुस्त करण्याचं. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘यात कुठलं पेट्रोल टाकू?’ मी आधी हेच विचारते, ‘पुस्तकात काय लिहिलंय?’ बहुतेकांनी ते पान कधी उघडलेलंच नसतं.

आकडा सापडला की त्याच्या शेजारची अक्षरं वाचा. निम्मा गोंधळ तिथेच असतो. ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत, रिसर्च आणि मोटर. रिसर्च पद्धतीत चाचणीचं इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि सौम्य परिस्थितीत चालवतात. तो आकडा आरओएन. मोटर पद्धतीत फेऱ्या ९०० असतात आणि आत जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं असतं. तो आकडा एमओएन. परीक्षा कडक म्हणून एमओएन नेहमीच्या पेट्रोलला आरओएनपेक्षा आठ-दहानं कमी भरतो. युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया, जपान इथे पंपावर आरओएन चालतो. अमेरिका आणि कॅनडात दोन्हींची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. त्यामुळे अमेरिकेतलं ८७ म्हणजे इतरत्रचं साधारण ९१ ते ९२, तिथलं ९१ म्हणजे ९५ ते ९६ आणि तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. परदेशी व्हिडिओ पाहून ‘तिकडे ८७ वर चालते, मग माझी ९१ वर मस्तच चालेल’ असं म्हणणारा माणूस एकच पेट्रोल दोनदा मोजत असतो. उलट चूक जास्त महागात पडते. पुस्तकात ९१ एकेआय लिहिलेलं असताना कुणी ९१ आरओएनचं पेट्रोल भरलं, तर तो चार-पाच अंकांनी खाली गेलेला असतो.

‘किमान’ हा शब्दही बघा. ‘किमान ९१’ लिहिलं असेल तर ९५ घातल्यानं काही बिघडत नाही. काही ताकदवान गाड्यांच्या पुस्तकात दोन आकडे असतात: एका आकड्यावर पूर्ण ताकद, दुसऱ्यावर चालेल पण ताकद थोडी कमी. अशा इंजिनात नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपणहून पेटल्याचा आवाज, ऐकणारा सेन्सर असतो आणि पेट्रोल हलकं, म्हणजे कमी ऑक्टेनचं, आहे असं कळलं की कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो.

हा आकडा नेमकं काय सांगतो

१९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं दोन शुद्ध द्रवांची मोजपट्टी सुचवली. आयसोऑक्टेन सहजासहजी आपणहून पेटत नाही, त्याला १०० दिले. नॉर्मल हेप्टेन जरा दाबलं की पेटतं, त्याला शून्य. एखादं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९५ टक्के आयसोऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच टिकलं, की ते ९५ ऑक्टेनचं. या चाचणीसाठी खास एक सिलिंडरचं इंजिन असतं, आणि ते चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते, कमीजास्त करता येतं.

म्हणजे हा आकडा पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे हे सांगत नाही. ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधी ते दाब आणि उष्णता किती सोसेल, एवढंच तो सांगतो. ९१ आणि ९५ च्या एका लिटरमधून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच. म्हणून ज्या इंजिनाला ९१ पुरतं आणि ज्यात नॉक सेन्सर नाही, त्यात ९५ टाकून पिकअप वाढत नाही. ठिणगी त्याच क्षणी पडते, दाब तेवढाच चढतो. ‘टाकल्याबरोबर गाडी हलकी पळायला लागली’ असं मला अनेकजण मनापासून सांगतात, आणि मी त्यांना पुन्हा साधं पेट्रोल भरून तोच रस्ता, तोच चढ, तेच वजन घेऊन जायला सांगते. महागड्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायनं जास्त असू शकतात, त्यांचा उपयोग खरा आहे. पण तो ऑक्टेनचा गुण नाही. दोन्ही गोष्टी एकाच नळीतून येतात म्हणून त्या एक होत नाहीत.

आकडा कमी पडला तर काय होतं, हे मात्र नीट समजून घ्या. ठिणगी पडते, ज्योत सिलिंडरभर पसरायला लागते, आणि तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं. पेट्रोल कमकुवत असेल तर ज्योत पोचायच्या आतच ते सगळं एकदम पेटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, आणि बाहेर पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा टणटण आवाज येतो. आवाजापेक्षा वाईट भाग आत घडतो. पिस्टनच्या डोक्यावर थोड्या थंड वायूचा एक पातळ थर असतो, तो पिस्टनला वाचवत असतो. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. मध्ये तो थर आहे म्हणून पिस्टन टिकतो. नॉकिंगच्या लाटा तो थर उडवून लावतात. नॉकिंगनं खाल्लेला पिस्टन माझ्या टेबलावर आला की मी तो मालकाच्या हातात देते. कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे, रिंगांच्या मधली पट्टी तुटलेली. हात लावून बघितलं की समजावून सांगायला फारसं काही उरत नाही.

कॉम्प्रेशनवरून अंदाज बांधताना

पुस्तक हरवलं असेल किंवा गाडी जुनी असेल, तर लोक कॉम्प्रेशन रेशो पाहून ठरवतात. साधारण दिशा म्हणून ते बरोबर आहे. रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० चं कॉम्प्रेशन ९.५, यामाहा आर१ चं १३, डुकाटी पानिगाले व्ही४ चं १४. आकडा वर जाईल तसं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि जास्त ऑक्टेन लागतं.

पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. यामाहा आर१५ चं १५५ सीसीचं इंजिन घ्या. कॉम्प्रेशन ११.६, तरी ते साध्या पेट्रोलवर चालतं. आता हार्ले-डेव्हिडसनचं मिलवॉकी-एट १०७ घ्या. कॉम्प्रेशन फक्त १०, आणि कंपनी ९१ एकेआय, म्हणजे ९५ च्या आसपासचं आरओएन मागते. कारण सिलिंडरच्या मापात आहे. आर१५ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५८ मिलिमीटर, हार्लेचा १००. लहान सिलिंडरमध्ये ज्योत कोपऱ्यापर्यंत पटकन पोचते. मोठ्यात तिला लांब जावं लागतं आणि तोवर कोपऱ्यातलं मिश्रण शिजत राहतं. त्यात आर१५ पाण्यानं थंड होणारी आणि उंच फेऱ्यांवर पळणारी. फेऱ्या जास्त असल्या की प्रत्येक स्फोटाला वेळ कमी मिळतो आणि नॉकिंगलाही. हार्लेचं मोठं इंजिन मुख्यतः हवेवर आणि तेलावर थंड होतं, सावकाश फिरतं, आणि खालच्या फेऱ्यांवर जोरात ओढतं.

तेव्हा पुस्तकाशिवाय अंदाज करायचाच असेल तर चार गोष्टी एकत्र बघा: कॉम्प्रेशन, बोअर, थंड करण्याची पद्धत आणि गाडी कशी चालवली जाते. कॉम्प्रेशन १० च्या आत, बोअर लहान, फेऱ्या उंच, तर ९१ आरओएननं सुरुवात करायला हरकत नाही. कॉम्प्रेशन १२ च्या वर असेल, किंवा मोठ्या बोअरचं एअरकूल्ड इंजिन असेल, तर ९५ नं सुरुवात करा आणि मगच खाली यायचा विचार करा. फार जुन्या गाड्यांचं कॉम्प्रेशन इतकं कमी असतं की आजचं साधं पेट्रोल त्यांच्या काळातल्या पेट्रोलपेक्षा सरस ठरतं. त्यांची अडचण ऑक्टेनची नसून व्हॉल्व्हच्या सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कडीवर बसतो तिची, असते. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळत, आणि जुन्या नरम सीट त्या शिशाच्या थराच्या आधारानं टिकायच्या. त्यावर इलाज म्हणजे कडक सीट बसवून घेणं. जास्त ऑक्टेननं ते होत नाही.

कंपनीच्या आकड्यापेक्षा वर कधी जायचं

इंजिन कारखान्यातून आलं तसंच असेल तर बहुधा कधीच नाही. ज्यांना जावं लागतं त्यांच्यात मी आधी बदल केलेली इंजिनं धरते. उंच डोक्याचा पिस्टन बसवलाय, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून घेतलंय, पातळ गॅस्केट टाकलंय, किंवा ठिणगी आधी पडेल असा मॅप कॉम्प्युटरमध्ये भरलाय, तर पुस्तकातला आकडा आता तुमच्या इंजिनाचा राहिलेला नाही. ज्यानं काम केलं त्याच्याकडून नवीन कॉम्प्रेशन लिहून घ्या आणि त्यानं कुठलं पेट्रोल धरून मॅप केला तेही विचारा. सांगता येत नसेल तर ते काम मला अर्धवट वाटतं.

दुसरी बाब कार्बनची. वर्षानुवर्षं अर्धवट जळलेला थर पिस्टनवर आणि हेडमध्ये साचतो. तो जागा व्यापतो, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, आणि उष्णता धरून ठेवतो. रिंगा झिजल्या असतील तर वर चढणारं इंजिन ऑइल मिश्रणात मिसळून ऑक्टेन आणखी खाली ओढतं. जी गाडी पाच वर्षं ९१ वर शांत चालली आणि आता टणटणायला लागली, तिच्या टाकीत ९५ ओतून आवाज बंद होईलही. पण मूळ कारण आत तसंच राहील. आधी कार्बन काढा, ऑइल किती पितेय ते बघा, कूलिंग तपासा, टायमिंग बघा. मिश्रण गरजेपेक्षा पातळ झालं असेल, म्हणजे कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अडकलाय, इंजेक्टर चोंदलाय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय, तरीही हाच आवाज येतो. जास्त ऑक्टेन टाकून दुखणं झाकलं की ते आणखी वाढूनच माझ्याकडे येतं.

अति उष्णता आणि ओझं यांनीही गरज वाढते. उंचीनं ती कमी होते, कारण हवा विरळ असते आणि सिलिंडरमध्ये भरतेच कमी. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या राज्यांत ८५ एकेआयचं पेट्रोल विकलं जातं ते याच कारणानं; कार्ब्युरेटरच्या काळापासूनची ती पद्धत आहे. पण डोंगरावर भरलेली टाकी तुमच्याबरोबर खाली उतरते. उंचावर हलकं पेट्रोल घेतलंच तर परतीपुरतं घ्या आणि सपाटीला आल्यावर चांगलं भरा.

ऐकून कसं तपासायचं

इंजिन पूर्ण तापू द्या, निदान वीस मिनिटं चालवा. मोकळा, सुरक्षित चढ शोधा, मागे कुणी बसलं तर उत्तम. नेहमी त्या चढावर जो गिअर लागेल त्यापेक्षा एक वरचा ठेवा, फेऱ्या मध्यम ठेवा आणि हळूहळू मूठ पूर्ण पिळा. जास्त वेळ नाही, चार-पाच सेकंद पुरतात. वेग कमी ठेवा, कारण वारा सुरू झाला की हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही. रस्त्याकडेला भिंत किंवा कडा असेल तर आवाज परत येतो आणि स्पष्ट कळतो.

कोरडा, धातूचा टणटण आवाज आला आणि मूठ थोडी सोडल्याबरोबर गेला, तर ते नॉकिंग. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा, आवाज गाडी उभी असतानाही येतो आणि फेऱ्यांबरोबर वाढतो. ओझ्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. सैल झालेला सायलेन्सरचा पत्रा एका ठरावीक फेरीलाच थरथरतो. हा फरक कानाला बसायला वेळ लागतो, म्हणून शंका असेल तर तोच चढ जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर पुन्हा चढा. आवाज नाहीसा झाला तर कारण सापडलं. तसाच राहिला तर ते बहुधा नॉकिंग नाही, किंवा आतलं काहीतरी तापून लाल होतंय आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतंय. चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे स्वतःची उष्णता पुरेशी बाहेर न टाकणारा, प्लग हे त्याचं नेहमीचं कारण. त्यावर ऑक्टेन हा भरवशाचा इलाज नाही, गाडी थांबवा आणि दाखवा.

प्लग काढून बघणंही उपयोगाचं आहे. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे ठिपके किंवा चकचकीत कण दिसले तर ते ॲल्युमिनियम असू शकतं, आणि ते पिस्टनवरून आलेलं असतं. उंच फेऱ्यांच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत कानावर अजिबात विसंबू नका. दहा-बारा हजार फेऱ्यांवर नॉकिंग ऐकू येत नाही, ते नुकसान झाल्यावर कळतं. तिथे पुस्तकाचा आकडा पाळायचा, त्यावर घासाघीस नाही.

हवं ते पेट्रोल मिळालंच नाही तर

टाकी रिकामी, पुढचा पंप लांब, आणि इथे फक्त कमी ऑक्टेन. भरा, पण गरजेपुरतंच. मग मूठ अर्ध्याच्या वर पिळू नका, चढाला लवकर गिअर पाडा आणि इंजिन मोकळं फिरू द्या. इंजिन दमवत वरच्या गिअरमध्ये ओढणं हे अशा पेट्रोलवर सगळ्यात वाईट. शांत चालवलं तर एरवी ९५ मागणारं इंजिनही ९१ वर पुढच्या पंपापर्यंत सुखरूप जातं, कारण अर्ध्या मुठीला सिलिंडर पूर्ण भरतच नाही. लांबच्या प्रवासाच्या काही गाड्यांत कमी ऑक्टेनसाठी वेगळी सेटिंग असते. आपल्या गाडीत आहे का, हे निघायच्या आधी बघून ठेवा.

पुढे चांगलं पेट्रोल मिळालं की मिश्रणाचा हिशेब सरळ आहे. टाकीत ९१ चं ६ लिटर उरलंय आणि तुम्ही ९७ चं ८ लिटर टाकलंत, तर ६ गुणिले ९१ अधिक ८ गुणिले ९७, भागिले १४. उत्तर ९४ च्या थोडं वर. इथेनॉलचं प्रमाण दोन्हींत वेगळं असेल तर हे तंतोतंत जुळत नाही, पण रस्त्यावरच्या निर्णयाला पुरतं.

इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, म्हणून ते मिसळलं की पेट्रोलचा आकडा वाढतो. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते, त्यामुळे दहा टक्के मिश्रणात ऊर्जा साधारण तीन टक्क्यांनी घटते आणि ॲव्हरेज तेवढं उतरतं. आकडा मोठा दिसला म्हणून कितीही टक्क्यांचं मिश्रण भरू नका. गाडी जेवढ्यासाठी बनवली आहे तेवढंच. जुने रबरी पाइप आणि सील जास्त इथेनॉलला टिकत नाहीत, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट न बदलता मिश्रण पातळ पडतं. इथेनॉल ओलावा ओढतं. टाकीत पुरेसं पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन खाली आलेलं असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून, झाकण घट्ट लावून ठेवा, आणि परत सुरू करताना वास आंबट किंवा वार्निशसारखा आला तर ते पेट्रोल काढून टाका.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर ‘५ पॉइंट वाढ’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो पॉइंट म्हणजे एक दशांश, म्हणजे ९१ चं ९१.५ होतं. मँगनीज किंवा लोहाची रसायनं असलेली बूस्टर प्लगवर तांबूस थर सोडतात. मी ती वापरत नाही आणि सुचवत नाही. विमानाचं पेट्रोल मिळतंय म्हणून टाकू नका. नेहमीच्या १०० एलएल मध्ये लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमपर्यंत शिसं असतं, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी करतं. रॉकेल तर कुठल्याही प्रमाणात नको. त्याचं ऑक्टेन इतकं कमी असतं की थोडंसं मिसळलं तरी टाकीभर पेट्रोल बिघडतं. एखाद्या पंपावर भरल्यापासूनच गाडी टणटणायला लागली, तर इंजिन उघडण्याआधी ते पेट्रोल काढून दुसरीकडचं भरून बघा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे सगळं एक पायरी जास्त कडकपणे पाळावं. त्यात प्रत्येक फेरीला स्फोट होतो, पिस्टनला थंड व्हायला वेळच मिळत नाही, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल ऑक्टेन थोडं खाली ओढतंच. फोर-स्ट्रोकमध्ये नॉकिंग खड्डे पाडत बराच काळ चालू शकतं, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला आरपार भोक पडायला एक लांब चढ पुरतो. आवाज ऐकला की लगेच मूठ सोडा, क्लच दाबा, बाजूला थांबा आणि इंजिन पूर्ण निवू द्या.